ताणलेलं हृदय आणि लाल विंचू

तलासरी तालुक्यात गुजरातच्या सीमेला लागून असलेलं वेवजी घ्या किंवा कोकणातलं दुसरं कुठलंही गाव, विंचू कुडाच्या भिंतीत, पेंढ्यात, सरपणाच्या ढिगात असतोच. लाल विंचू चावून माणूस दगावतो तेव्हा बहुतेक वेळा हृदय नको इतकं ताणलं गेलेलं असतं आणि फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं. हे का होतं ते समजायला आधी निरोगी हृदय ताणाला कसं उत्तर देतं ते पाहावं लागतं.

आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. खाटेवर आडवं झालं की तेच रक्त छातीकडे परततं. दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात हृदयाचे कप्पे जास्त भरतात, त्यांच्या भिंती ताणल्या जातात आणि पुढचा ठोका जास्त जोराचा पडतो. यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. जर्मनीत ओटो फ्रांक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९१४ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर हेच दाखवलं. मज्जातंतूंचा संबंध तोडला तरी जितकं भराल तितकं हृदय जोराने रिकामं होतं.

ही सोय किती मोलाची आहे ते एका हिशेबावरून कळेल. समजा, उजवी बाजू डाव्यापेक्षा दर ठोक्याला एकच मिलिलिटर जास्त रक्त ढकलते आहे. मिनिटाला ७० ठोके धरले तर तासाभरात ४ लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत अडकेल. तसं होत नाही, कारण डावी बाजू जरा जास्त भरताच जरा जास्त ताणली जाते आणि तेवढंच जास्त रक्त बाहेर टाकते.

आत काय घडतं? हृदयाची पेशी लहान लहान खंडांची बनलेली असते. एकेक खंड विसाव्यात साधारण १.८ ते २.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोन हजारांश लांबीचा. त्यात जाड आणि बारीक तंतू एकमेकांत सरकतात आणि कॅल्शियम आलं की एकमेकांना धरून खेचतात. खंड ताणला की तंतूंची रचना अशी बदलते की तेवढ्याच कॅल्शियमवर ओढ वाढते. टायटिन नावाचं अवाढव्य प्रथिन स्प्रिंगसारखं ताण धरून ठेवतं आणि या बदलात त्याचाही हात असतो. हे सगळं पुढच्या ठोक्यालाच होतं. ताण काही मिनिटं टिकला तर दुसरा, संथ प्रतिसाद येतो: पेशीत प्रत्यक्ष कॅल्शियमच वाढतं आणि जोर आणखी चढतो. फोन आन्रेप यांनी १९१२ मध्ये याचीच खूण टिपली होती. पण साधारण २.३ मायक्रॉनच्या पुढे स्नायू ताठरतो. मग आणखी रक्त भरलं तर आतला दाब भराभर चढतो, जोर मात्र वाढत नाही.

आता विजेची बाजू. विसाव्यात पेशीच्या आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण असतो. पेशीच्या आवरणात काही दारं अशी आहेत की ती ताण पडला की उघडतात. यांपैकी पिएझो या दारांचा शोध २०१० मध्ये लागला आणि त्याबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. विसाव्याच्या क्षणी ताण पडला तर या दारांतून धन भार आत येतो आणि पेशी ठोक्याच्या उंबरठ्याकडे सरकते. उंबरठा ओलांडला की अवेळी, जादा ठोका पडतो. ठोका चालू असताना ताण पडला तर उलट तो लवकर संपू शकतो. म्हणजे ताण किती, यासोबत तो कोणत्या क्षणी पडला हेही महत्त्वाचं. सीझन बॉल छातीवर नेमक्या नाजूक क्षणी, काही मिलिसेकंदांच्या खिडकीत आदळला तर धडधाकट पोराचं हृदयही थरथरत बंद पडू शकतं, ते याचमुळे.

विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. त्यामुळे ॲड्रेनलिन आणि त्याच्या भावंडांचा शरीरात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. डाव्या कप्प्याला या दाबाविरुद्ध रिकामं होता येत नाही. उरलेलं रक्त त्याला ताणतं. आधी ताणाचा फायदा मिळतो, मग ती मर्यादा संपते. त्यात पुरामुळे स्नायूला थेट इजाही झालेली असते. नाडी धावते, जादा ठोके पडतात, मागे फुप्फुसांत दाब तुंबतो आणि रुग्णाच्या तोंडाला गुलाबी फेस येतो. तो आडवा होऊ शकत नाही, उठून बसतो. बसल्याने छातीत परतणारं रक्त कमी होतं, तेवढाच त्याला आराम.

महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. त्यांच्या लक्षात आलं की दमलेल्या हृदयाला आणखी हाकण्यात अर्थ नाही, त्याच्यापुढचा अडसर काढायला हवा. प्राझोसिन ही स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. ती वापरात आल्यावर गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते एक-दोन टक्क्यांवर आलं. २०११ मध्ये ७० रुग्णांवरच्या अभ्यासात त्यांनी दाखवलं की जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते ताणलेल्या हृदयाचं शास्त्र आपल्याकडे इतक्या साध्या रीतीने क्वचितच कामाला आलं असेल.

म्हणून वेवजी, तलासरी, डहाणूकडच्या वाचकांना एक विनंती. विंचू चावल्यावर दुखणं किती आहे यावर भरवसा ठेवू नका. दुखणं थोडं असूनही दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, मुलग्याचं लिंग ताठरलं, तर विष अंगात भिनलं आहे. मंत्र, झाडपाला यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. गोळीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.