खोली भाड्याने देताना : माणूस ओळखीचा, तरी कागद हवाच



उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावरून उतरली की वजनपावती हातात पडल्याशिवाय आपण जागचे हलत नाही. कारखाना आपला, काट्यावरचा माणूस शेजारच्या गावचा, तरी पावती घेतोच. त्यात कोणी अविश्वास मानत नाही. तो व्यवहार झाला. पण हाच सभासद तालुक्याच्या गावी बांधलेली खोली भाड्याने देताना म्हणतो, "पाव्हण्यांच्या ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?" आजचा लेख या 'कशाला'वर आहे.

आपल्यातल्या पुष्कळांनी उसाच्या बिलातून आणि थोड्याफार कर्जातून तालुक्याला दोन-चार खोल्या किंवा रस्त्याकडेला एखादा गाळा बांधला आहे. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी घर केले; मुले शिकून नोकरीला गेली आणि घर रिकामे राहिले. तिथे आता शिक्षक, बँकेतले कारकून, एस.टी.चे वाहक, कॉलेजची पोरे भाड्याने राहतात. भाड्याची रक्कम मोठी नसते. पण ज्या घरात म्हातारी माणसे आहेत, तिथे औषधपाण्याचा खर्च त्यावरच निघतो. म्हणून हा विषय लहान नाही.

एक घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. एका सभासदाने दोन खोल्या तोंडी बोलीवर दिल्या. भाडे महिना तीन हजार, अनामत वीस हजार. पैसे हातोहात, पावती नाही. दोन वर्षे सुरळीत गेली. मग भाडे थकले. मागायला गेले तर भाडेकरू म्हणतो, "भाडं दीड हजारच ठरलं होतं, आणि डिपॉझिट पन्नास हजार दिलंय." सभासदाचा संताप झाला. त्याने खोल्यांची वीज तोडली. भाडेकरू सरळ वकिलाकडे गेला. शेवटी चार माणसांत बसून मिटवामिटवी झाली. थकलेले भाडे सोडावे लागले आणि वर कधी न घेतलेल्या अनामतीचे पैसे मोजावे लागले. त्या वर्षीचा उसाचा एक हप्ता त्यातच गेला. माणूस खरा होता, पण त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने देताना करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ही जबाबदारी भाडेकरूवर नाही, घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद निघाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते धरले जाते, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही तोपर्यंत. वरच्या गोष्टीतला सभासद इथेच अडकला.

"पण आमचा करार अकरा महिन्यांचाच आहे, त्याला नोंदणी लागत नाही," असे पुष्कळजण सांगतात. ही जुनी समजूत आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती. त्यातून अकरा महिन्यांची पद्धत पडली. १९९९ च्या कायद्याने ती पळवाट आपल्याकडे राहिली नाही. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची, नोंदणी करायची.

हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या शहरांना व गावांना लागू आहे. आपली जागा त्यात येते की नाही, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. येत नसली तरी लेखी करार करण्यात तोटा काहीच नाही.

भाडेकरू म्हणजे कूळ नव्हे

आपल्या भागात जुन्या माणसांच्या मनात एक धास्ती असते : माणूस फार दिवस राहिला तर 'कूळ लागेल'. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक केले, त्याची ही आठवण आहे. पण तो कायदा शेतजमिनीचा. राहत्या खोलीला तो लागत नाही. बारा वर्षे राहिला म्हणून भाडेकरू मालक होतो, हेही खरे नाही. जो तुमच्या परवानगीने आला आणि भाडे देऊन राहिला, त्याचा ताबा तुमच्याच वतीने असतो.

मात्र धास्ती अगदीच बिनबुडाची नव्हती. १९७३ साली मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यानंतर कित्येक मालकांनी घरे कुलूप लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. आजची स्थिती वेगळी आहे. आजच्या कायद्यात कलम २४ आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो. तेवढ्या काळाची भरपाई दुप्पट दराने मागता येते, आणि लेखी करारात लिहिलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा मानली जाते. म्हणजे कागद असेल तर कायदा तुमच्या बाजूला उभा राहतो.

हा जवळचा रस्ता फक्त राहत्या जागेसाठी आहे. दुकानाच्या गाळ्यासाठी कोर्टातच दावा लावावा लागतो. म्हणून गाळ्याचा कागद वकिलाकडून नीट करून घ्यावा. तसेच करार लायसन्सचा न करता भाडेपट्ट्याचा केला, तर भाडेकरूला जास्त संरक्षण मिळते : भाडे थकले तरी आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती दिल्यावर नव्वद दिवस झाल्याशिवाय त्या कारणावर दावा लावता येत नाही. सही करण्याआधी कागदाच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.

खर्च किती?

लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. समजा, भाडे महिना ३,००० आणि मुदत अकरा महिने. भाडे झाले ३३,०००. परत द्यायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरतात. २०,००० वर साधारण २,०००. मिळून ३५,०००, आणि त्याचा पाव टक्का म्हणजे शंभर रुपयांच्या आतच. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. आता आधार कार्ड व अंगठ्याच्या ठशावर ऑनलाईन नोंदणीही होते. हा खर्च आणि वरच्या गोष्टीतले नुकसान शेजारी शेजारी ठेवून बघावे.

प्रत्यक्षात काय करावे?

१. करारात दोघांची पूर्ण नावे व पत्ते, जागेचे वर्णन, मुदत, भाडे, अनामत, वीज-पाण्याचे पैसे कोणी द्यायचे आणि किती दिवसांची सूचना देऊन जागा सोडायची, हे सारे लिहावे. जागा राहण्यासाठी की धंद्यासाठी, तेही स्पष्ट हवे.

२. भाडे शक्यतो बँकेत घ्यावे. रोख घेतले तर त्याच वेळी पावती द्यावी. पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिची स्थळप्रत हाच मालकाचा पुरावा.

३. खोली देताना पंखे, नळ, खिडक्या, मीटरचा आकडा यांची यादी करून दोघांनी सही करावी. अनामत परत देतानाचे निम्मे भांडण इथेच मिटते.

४. घरगुती वीजजोडणीवर दुकान चालू देऊ नये. मंजूर कारणाहून वेगळा वापर म्हणजे अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. जोडणी ज्याच्या नावाची, बिल त्याच्याच दारात येते.

५. कितीही राग आला तरी वीज-पाणी तोडू नये, कुलूप ठोकू नये. भाडेकरूचे चुकले असले तरी असे केल्यावर कोर्टात गुन्हेगार आपण ठरतो.

६. भाडेकरूचे ओळखपत्र व फोटो ठेवावा. पोलीस ठाण्यात त्याची माहिती देण्याचे आदेश पुष्कळ ठिकाणी निघतात, ते पाळावेत.

७. भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. उसाच्या पैशाला आयकर नाही म्हणून भाड्यालाही नाही, असे समजू नये. भरलेली घरपट्टी वजा करून राहिलेल्या रकमेतून ३० टक्के सूट मिळते. उरलेले उत्पन्नात धरावे लागते.

८. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी ठरवावे : नवा करार, की जागा रिकामी. मुदत संपल्यावर नुसते भाडे घेत राहू नये.

शेवटी एकच सांगणे. कागद केला म्हणजे माणसावर विश्वास नाही, असे होत नाही. भाडेकरूही कोणाचा तरी मुलगा असतो, परगावी पोटासाठी आलेला असतो. त्याच्या अनामतीची आणि मुदतीची हमी त्याच कागदात असते. काट्यावरची पावती जशी कारखान्याच्या आणि आपल्याही हिताची, तसाच हा करार दोघांच्या हिताचा आहे. ज्यांच्या खोल्या आज तोंडी बोलीवर आहेत, त्यांनी गाळप हंगामाची धावपळ सुरू होण्याआधी एक दिवस काढावा आणि भाडेकरूला बरोबर घेऊन नोंदणीचे काम उरकून यावे.