एका शतांशाचा हिशेब

जाकार्ता येथे २०१८ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत कोल्हापूरचा वीरधवल खाडे चौथा आला. त्याची वेळ २२.४७ सेकंद, तर ब्राँझपदक मिळविणाऱ्या जपानी जलतरणपटूची २२.४६. सकाळच्या प्राथमिक फेरीत तो २२.४३ सेकंदांत पोहला होता. राष्ट्रीय विक्रम ठरलेली ती वेळ सायंकाळी पुन्हा साधती, तर पदक त्याचेच होते. दैवाला दोष देऊन हा विषय सोडून देता येईल. परंतु त्या एका शतांशाचा हिशेब मांडू लागले, की तो मालवणच्या तहसील कचेरीपाशी येऊन थांबतो.

वीरधवलचा जन्म १९९१ मधला. लहान वयातच घर सोडून तो बंगळूरला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे गेला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो तीन शर्यतींत उतरला, तेव्हा त्याला १७ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. २०१० साली ग्वांगझू येथे ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने आशियाई ब्राँझपदक मिळविले. १९८६ साली सोल येथे खजान सिंगने रौप्यपदक जिंकल्यानंतर जलतरणातील पुढच्या पदकासाठी भारताला २४ वर्षे थांबावे लागले होते. (ही शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच यायची आहे, ती २०२८ साली लॉस एंजलिस येथे. आशियात तिसरा ठरलेल्या या मुलाला आपल्या हुकमी शर्यतीत ऑलिंपिकचे पाणी कधी लाभलेच नाही.)

पदकानंतर राज्य शासनाने त्याला तहसीलदारपद दिले. शासनाच्या उदारपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तहसीलदाराचा दिवस कसा सरतो, हे कचेरीतल्या माणसाला निराळे सांगावयास नको. दाखले, तंटे, पंचनामे, निवडणुकीची कामे आणि पावसाळा लागला की अपरात्रीचे दूरध्वनी! जलतरणपटूला सकाळ-सायंकाळ तलाव हवा. काही महिन्यांच्या खंडानेही कमावलेला वेग ओसरतो. येथे तर ऐन उमेदीतली काही वर्षे गेली. २०१४ च्या इंचिऑन स्पर्धेच्या भारतीय पथकात तो नव्हता. त्यानंतर पुन्हा पाण्यात उतरून, सत्ताविशीच्या उंबरठ्यावर, त्याने आपलाच जुना विक्रम मोडावा, ही गोष्ट त्या हुकलेल्या पदकाहून मोठी मानावी लागेल.

त्याच जाकार्तात नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला सुवर्णपदकाचा आनंद आला. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ चौघांच्या नौकानयन संघात होता. अवर्षणाच्या मुलखातला हा तरुण २०१२ साली सैन्यात भरती झाला, वल्हे प्रथम हाती धरले ते तेथेच, आणि २०१६ साली तो रिओ ऑलिंपिकला गेला. सैन्यात सराव हीच त्याची कामगिरी होती. त्यासाठी कोणाकडे रजेचा अर्ज घेऊन जावे लागत नव्हते. खाडेला नोकरी पराक्रमाचे बक्षीस म्हणून मिळाली आणि तिने त्याला पाण्याबाहेर काढले. भोकनळला नोकरीनेच पाण्यात लोटले.

त्र्यंबक रस्त्यावरील सावरकर तरण तलावात पहाटे उतरणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे हाच प्रश्न आहे. दहावीचे वर्ष आले की शिक्षक वा कारकून असलेला बाप विचारतो, ‘पोहणे ठीक, पण पुढे काय?’ त्याचे चुकते असे म्हणवत नाही. नेमणुकीच्या आदेशातच खेळाडूच्या उमेदीची वर्षे सरावासाठी राखून ठेवली, पगार चालू ठेवला आणि खुर्चीवर बसविण्याची घाई केली नाही, तर त्या बापाला देण्याजोगे उत्तर शासनाच्या हाती येईल. पाच-सहा वर्षे एका खुर्चीवर दुसरा अधिकारी बसल्याने महसूल बुडत नाही.

२०२३ साली गोव्यातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत वीरधवलने ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. पत्नी ऋजुता हिनेही महिलांची तीच शर्यत जिंकली. तेथेच, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने स्पर्धांचा निरोप घेतला.