घरचे दफ्तर

शाळेत जाताना मुले जे दप्तर पाठीवर टाकतात, त्याचे नाव फार मोठ्या घराण्यातून आलेले आहे. मूळ शब्द फारसीतला. पूर्वी राजाचे वा सरदाराचे सर्व लेखी कागद जेथे जपून ठेवीत, त्या संग्रहास दफ्तर म्हणत. कृष्णेच्या काठी अशी नामांकित दफ्तरे होती. साताऱ्यास १७४२ साली जन्मलेल्या नाना फडणिसांचे दफ्तर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात होते. आणि तीच नदी पुढे जेथे सांगलीच्या प्रदेशात शिरते, तेथे मिरजेस पटवर्धन सरदारांचे दफ्तर होते.

दफ्तरातील कागद चौकोनी फडक्यात बांधीत. त्या गाठोड्यास रुमाल म्हणत. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द निराळी, प्रांतांचे हिशेब निराळे, पागेचे कागद निराळे, अशी विभागणी असे. माणसांची कामेही तशीच वाटलेली असत. पत्रव्यवहार चिटणिसाकडे, हिशेब फडणिसाकडे आणि रोकड पोतनिसाकडे.

आज घरोघरी आलेला संगणक हेही एक दफ्तरच होय. त्यात आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद असतात, आईचे हिशेब असतात, ताईचा प्रकल्प असतो आणि धाकट्याची चित्रे असतात. सर्वांनी एकाच जागी सर्व काही टाकले, तर चित्रांसाठी जागा करताना धाकट्याच्या हातून आजोबांचा कागद पुसला जावयास वेळ लागत नाही. म्हणून संगणकात प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडण्याची सोय केलेली असते. आपले नाव निवडून परवलीचा शब्द दिला, की आपलेच फोल्डर समोर येतात. दुसऱ्याचे बंद राहतात. रात्री किल्ल्याच्या दरवाजाशी येणाऱ्यास पहारेकरी विचारी, तो परवलीचा शब्द; संगणकाने तो बराच उशिरा घेतला. एकच संगणक अनेकांनी वापरण्याची योजना १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम करून दाखविली, तेव्हा ज्याच्या फाईली त्यालाच दिसाव्यात म्हणून त्यांना या शब्दाची गरज पडली.

खात्यांतही दोन प्रकार असतात. मुख्य चालकाच्या खात्यातून नवे कार्यक्रम बसविता येतात, इतरांची खाती उघडता वा बंद करता येतात. सर्वसाधारण खात्यातून तसे करता येत नाही. मुलांना सर्वसाधारण खाते देतात, ते त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. एखादा घातक कार्यक्रम चुकून आत आलाच, तर सर्वसाधारण खात्यात त्याचे हात पुष्कळसे बांधलेले राहतात. या कारणाने जाणती मोठी माणसेही नित्याचे काम सर्वसाधारण खात्यातच करतात आणि मुख्य खाते क्वचित उघडतात. लग्नाची छायाचित्रे, विजेची बिले असे सर्वांना लागणारे कागद मात्र एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेले बरे.

आता नावांचा प्रश्न. ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’ अशी नावे अनेक संगणकांवर दिसतात. ती देणाऱ्यास त्या दिवशी सर्व ठाऊक असते. वर्षभराने त्यालाही काही उमगत नाही. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातील मोडी पत्रे निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापावयास घेतला, तेव्हा त्यांना हीच अडचण आली. पत्रांवर चंद्राची तारीख व महिना असे. वर्ष मात्र बहुधा नसे. लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास ते माहीतच होते! शंभर वर्षांनी मात्र पत्रातील लढाईचा, मुक्कामाचा, कोणाच्या आजाराचा उल्लेख धरून एकेका पत्राचे वर्ष ठरवावे लागले.

फाईलच्या नावात वर्ष घालावयाचे ते आरंभीच घालावे. संगणक नावे डावीकडून अक्षराक्षराने ताडून पाहतो. दिवस आधी लिहिला, तर सर्व महिन्यांच्या पाच तारखा एकापाठोपाठ येतात. ‘२०१९-०८-०५ विजेचे बिल’ असे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिले, तर सर्व कागद आपोआप काळाच्या ओळीने उभे राहतात.

इतके करूनही एक भय उरतेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरे आणि दुकाने कित्येक दिवस पाण्यात राहिली. अशा वेळी भिजला तो कागद आणि बुडाला तो संगणक. दुसरी प्रत त्याच टेबलाच्या खणात असेल, तर तीही त्याबरोबर बुडते. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उंचावर आहे. तेथे मावशी राहत असेल, तर महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत छोट्या तबकडीवर घेऊन तिच्या कपाटात ठेवता येते. इंटरनेटवरून दूरच्या साठवणघरातही ठेवता येते. मात्र सुट्टीत मावशीकडे गेल्यावर ती तबकडी जोडून दोन-चार फाईली खरोखर उघडून पाहाव्या लागतात, कारण नुसती पडून राहिलेली तबकडीही कधी कधी बिघडते.