उधारीच्या वहीतला भरवसा

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत माझं किराणा दुकान आहे. कोरोनाच्या काळात लोकांच्या मनात काय चाललंय, ते मला त्यांच्या खरेदीतून कळायचं.

आधी आली भीती. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा उठली आणि राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. २५ मार्चला टाळेबंदी लागली, तेव्हा हाती नगदी असलेल्यांनी तांदूळ-साखरेची चुंगडी उचलून नेली. रोजमजुरीवाले आले तोवर तूरडाळ संपली होती.

मेच्या सुरुवातीला जिल्हा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे कोरोनाचे रुग्ण नसलेल्या भागांत होता. तरी लोकांचा हात आखडलेलाच, कारण काम बंद होतं. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या बाया रोज संध्याकाळी येऊ लागल्या. ‘काकू, तेल पावभरच द्या जी, पैसे हप्त्यानं देतो.’ शाम्पूच्या बाटलीऐवजी पुडी जायची. साबण मात्र पहिल्यापेक्षा जास्त खपला.

लोकांचं हे मन रिझर्व्ह बँक मोजते. देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, महागाई, घरचं उत्पन्न आणि खर्च वर्षापूर्वीपेक्षा बरा की वाईट, असं ती कुटुंबांना विचारते. ‘बरं’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ‘वाईट’ म्हणणाऱ्यांची वजा करून, या सगळ्या प्रश्नांची सरासरी काढून त्यात १०० मिळवतात. म्हणजे १००च्या खाली गेलं की नाराजी जास्त. मे २०२०मध्ये हा निर्देशांक ६३.७ होता, सप्टेंबरमध्ये ४९.९ झाला. त्याच सप्टेंबरात पुढच्या वर्षाबद्दलच्या अपेक्षेचा आकडा मात्र ११५.९ होता. दुसऱ्या लाटेत, मे २०२१मध्ये, चालू स्थितीचा आकडा ४८.५वर आला आणि पुढची आशाही १००च्या खाली गेली.

पुढचं वर्ष बरं जाईल, असं माझी गिऱ्हाइकंही म्हणायची. पण नुसत्या आशेवर कोणी तेलाचा डबा नेत नाही. त्यासाठी काहीतरी पक्कं हाती असावं लागतं. रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य एप्रिल २०२०पासून सुरू झालं, ते आधी तीनच महिन्यांसाठी. ३० जूनला ते नोव्हेंबरपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. दिवाळीपर्यंत गहू-तांदळाची चिंता मिटली, तशा बाया अर्धा किलो तेल, चहापत्ती, पोरांसाठी बिस्किटं मागू लागल्या. मजुरी तेवढीच होती, फक्त धान्यापुरतं उद्याचं कोडं सुटलं होतं.

म्हणून मला वाटतं, संकटात मदत किती मिळणार याइतकंच ती कधीपर्यंत मिळणार हे आधी सांगणं मोलाचं आहे. मुदत संपायच्या तोंडावर घोषणा झाली, तर तोवर प्रत्येक घर काटकसर करून बसतं आणि बाजार आणखी थंडावतो. त्या वेळी रिझर्व्ह बँकेची पाहणी १३ मोठ्या शहरांत होत होती, महाराष्ट्रातलं त्यात फक्त मुंबई. नालवाडीसारख्या ठिकाणच्या बायांनाही हे प्रश्न विचारले पाहिजेत. घर कशावर चालतं आणि कुठे अडतं, हे त्या नेमकं सांगतील.