लाटण्याची सावली

संध्याकाळचे सात वाजायला आलेत. परळच्या या इमारतीत दिवसा एक शाळा भरते आणि रात्री दुसरी. दिवसाची मुलं कधीच घरी गेली आहेत, पण फळ्याच्या कोपऱ्यात त्यांचा सुविचार अजून आहे आणि पहिल्या बाकाखाली कुणाची तरी निळी पाण्याची बाटली लोळते आहे. रात्रशाळेची स्वतःची अशी मालमत्ता म्हणजे जिन्याजवळचं एक लोखंडी कपाट. त्यात हजेरीपट, खडू, डस्टर आणि सावित्रीबाई-जोतिबांची एक तसबीर. तीन जानेवारीला ती बाहेर येते, हार घालून टेबलावर उभी राहते आणि पुन्हा कपाटात जाते. भिंतीवर खिळा ठोकायचा तर दिवसाच्या शाळेची परवानगी लागते. तसबिरीतल्या त्या दोघांनी शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली त्याला, १८५५ पासून मोजलं तर, पावणेदोनशे वर्षं होत आली.

गेले आठ महिने दर गुरुवारी मी इथे दहावीला मराठी शिकवायला येते. आज भूमितीचे सर नाहीत. त्यांनी काढून ठेवलेली सराव प्रश्नपत्रिका वाटायची आणि दोन तास बसून राहायचं, एवढंच माझं काम. बोर्डाच्या परीक्षेला दोन आठवडे उरलेत.

पटावर एकोणीस जण, आले आहेत अकरा. उडप्याकडे टेबलं पुसणारा मुलगा आला आहे, कुरिअरवाला आला आहे. रात्रपाळीला जायचं म्हणून वॉचमनचा गणवेश घालूनच आलेला एक जण भिंतीला टेकून डोळे मिटून बसला आहे. तिसऱ्या रांगेतल्या दुसऱ्या बाकावर मावशी आहेत. वय सत्तावन्न. खाली पिशवी, पिशवीत दोन डबे, बाकावर कंपासपेटी. शेजारच्या जागेवर त्यांनी पट्टी आडवी ठेवली आहे, कुणी बसू नये म्हणून.

ज्याच्यासाठी जागा धरली आहे तो धापा टाकत वर येतो. सतरा वर्षांचा, काटकुळा, गळ्यात तुळशीची माळ. लालबागला झेरॉक्सच्या दुकानात काम करतो आणि रात्री तिथेच माळ्यावर झोपतो. बोटांना टोनरची काळी पूड लागलेली. तो हात पँटला पुसतो, पट्टी उचलतो आणि बसतो.

"जेवलास?"

"न्हाई. गिऱ्हाईक होतं."

"मग आधी खा."

मावशी डबा उघडतात. दोन पोळ्या, मटकीची उसळ, लिंबाची फोड. मी घड्याळाकडे बघते आणि प्रश्नपत्रिका तशाच हातात धरून ठेवते. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. दुपारी एक वाजता वडापाव खाल्लेल्या मुलाला पायथागोरस विचारण्यात काही अर्थ नसतो.

या डब्याबद्दल मला सांगायलाच हवं. मावशी मूळच्या मालवणकडच्या, जन्म इथला, परळचा. सुक्या बांगड्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलतो. पण मुलगा माळकरी. पहिल्या वर्षी एकदा त्यांनी त्याच्यापुढे डबा सरकवला, त्यात सुकट होती. तो काही बोलला नाही, नुसता डबा परत सरकवला आणि उपाशी बसला. त्या दिवसापासून शाळेच्या डब्यात मासळी नाही. दोन वर्षं होत आली. एका मालवणी बाईने हे करणं काय असतं, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मावशींच्या आईची याच भागात खानावळ होती. दहा बाय बाराची खोली, पाळीप्रमाणे येणारे गिरणी कामगार, भिंतीशी मांडलेल्या ताटांच्या रांगा. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेल्या हजारो माणसांना गिरणगावात अशा बायकांनीच जेवू घातलं. महिनाभर उधारीवर शिजवायचं, पगाराला पैसे घ्यायचे आणि मधल्या दिवसांत वाण्याचं आणि सावकाराचं देणं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मावशींच्या आईनेही असं कर्ज घेतलं होतं. कागदावर अंगठा उठवला होता, कारण सही येत नव्हती.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबले, खानावळीतली माणसं हळूहळू गावाला गेली, मागची बाकी तशीच राहिली. मावशी तेव्हा आठवीत होत्या. वर्ष संपायच्या आत दप्तर खुंटीला लागलं आणि मुलगी आईबरोबर दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. संपाचा इतिहास लिहिताना गिरण्या मोजल्या जातात, बुडालेले दिवस मोजले जातात. शाळेतून उठलेल्या मुलींची मोजदाद कुठे केलेली मी वाचलेली नाही.

आजही त्या लाटतातच. पोळीभाजी केंद्रात, पहाटे पाचपासून, दिवसाला दोनशे पोळ्या. तीन वर्षांपूर्वी सुनेला पेटीत जुना दाखला सापडला आणि तो हातात घेऊन मावशी या जिन्यावरून वर आल्या.

मुलगा खाऊन होतो. डबा झाकून तो स्वतःच पिशवीत ठेवतो. मी प्रश्नपत्रिका वाटते. चाळीस गुण, दोन तास. पंखा गरगरतो, खाली बेस्टची बस थांबते आणि निघते. वॉचमन डोळे चोळून लिहायला लागतो.

पंधरा मिनिटांत मावशींची पेन्सिल थांबते. तिसरा प्रश्न, समरूप त्रिकोण. त्या नुसत्या आकृतीकडे बघत राहतात. सरावच आहे, म्हणून मी बोलण्याला मनाई केलेली नाही. मुलगा त्यांच्या वहीकडे तिरका बघतो.

"मावशे, खांब आठव."

"कुठला?"

"आपन रईवारी न्हाई का मोजला."

"आपण," मावशी म्हणतात. "बाणातला ण. पेपरात आपन लिहिलंस तर गुण जाईल."

"आपण," तो म्हणतो. जोर देऊन, जीभ वळवून. "आपण मोजला तो खांब."

हा खांब मी बघितला नाही, पण त्याची हकीकत मागच्या आठवड्यात दोघांनी मला एकाच वेळी बोलून सांगितली होती. रविवारी दुपारी बाराच्या आधी दोघं शाळेसमोरच्या विजेच्या खांबापाशी गेले. मावशींनी घरून लाटणं नेलं होतं. त्याने ते फुटपाथवर उभं धरलं. लाटणं छत्तीस सेंटिमीटर, त्याची सावली सत्तावीस. मग खांबाची सावली मोजली, ती साडेचार मीटर. ऊन तेच, कोन तोच, म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप, म्हणून खांब सहा मीटर. खांबावर न चढता. येणारे-जाणारे बघत होते, एका पोलिसाने विचारलंही. "पोलिसाला मी समजावलं," मावशींनी मला सांगितलं होतं, "आणि सांगता सांगता माझं मलाच समजलं."

आता त्या पुन्हा प्रश्नावर वाकल्या आहेत. ओठ हलताहेत. लाटण्याला लाटण्याची सावली, खांबाला खांबाची सावली. गुणोत्तर मांडताना पेन्सिल कागदावर जरा जास्तच दाबली जाते.

मुलगा बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. दिवाळी आटोपली की मुकादमाचा ट्रक येतो आणि चुलीपासून शेळीपर्यंत सगळा संसार त्यात चढतो. गावात आजी होती तोवर तो तिच्यापाशी राहून शिकला. सातवीत असताना आजी गेली आणि तोही ट्रकमध्ये चढला. पुढची वर्षं अर्धी शाळा, अर्धा फड. सरकारी कागदावर अशा मुलांना शाळाबाह्य म्हणतात. तो शब्द मला कधी पटला नाही. त्यात असं वाटतं की मूल आपल्या पायाने बाहेर गेलं.

मामाने मुंबईला आणलं आणि रात्रशाळेत नाव घातलं. नववी सुटली. दहावीचा फॉर्म भरला. आणि दिवाळीनंतर गावाहून फोन आला. उचल घेऊन झाली होती, आईची पाठ धरली होती, एकट्या वडिलांच्या अर्ध्या कोयत्याने ती फिटणार नव्हती. तो गेला. मला वाटलं, संपलं. खोटं कशाला बोलू, आम्हा शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तसंच वाटलं होतं. रात्रशाळेत मुलं जातात ती न सांगता जातात, तो सांगून गेला एवढंच.

मावशींना तसं वाटलं नाही. त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, पटावरून नाव काढू नका, पोरगा येणार आहे. मग रोज रात्री शाळा सुटली की जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्या फोन लावायच्या. तिकडे कोल्हापूरच्या बाजूला कुठल्याशा फडावर, पाचटाच्या कोपीत, तो वडिलांच्या फोनवर ऐकायचा. मावशी इतिहासाचा धडा वाचायच्या. विज्ञानाच्या व्याख्या वाचायच्या, अडखळत, शब्द तोडत. मध्येच विचारायच्या, "ऐकतोस ना रे?" कधी कधी उत्तर यायचं नाही. दिवसभर मोळ्या वाहून तो ऐकता ऐकता झोपलेला असायचा. मावशी तरी धडा पुरा करायच्या. मी एका गुरुवारी त्यांच्या मागे उभी राहून हे पाहिलं आहे. पलीकडे फक्त कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं आणि इकडे त्या गुरुत्वाकर्षणाचा धडा वाचत होत्या.

संक्रांत झाल्यावर चुलतभाऊ फडावर आला आणि हा परतला. तळहातावर घट्टे, डाव्या अंगठ्यापाशी कोयत्याचा वण. मावशींना त्याने गुळाची ढेप आणली होती.

दार वाजतं. शाळेचे लिपिक आत येतात, हातात कागदांचा गठ्ठा. "मॅडम, हॉल तिकिटं. सही-शिक्का झालाय. आत्ताच वाटून टाका."

प्रश्नपत्रिका बाजूला पडतात. एकेक जण उठून येतो. कुरिअरवाला आपला फोटो बघून लाजतो. मावशींचं नाव मी पुकारते, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट, कारण दाखल्यावर तेच आहे. त्या लगेच उठत नाहीत. त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली नाही, लग्न झाल्यापासून. मुलगा कोपराने हलकेच ढोसतो, "मावशे, तूच."

त्या कागद दोन्ही हातांनी घेतात. उजेडात धरतात. फोटो, बैठक क्रमांक, केंद्र. मग त्यांचं बोट एका ओळीवर येऊन थांबतं. बोर्डाच्या हॉल तिकिटावर आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. शेकडो मुलांच्या हातात मी हा कागद पाहिला असेल, त्या ओळीकडे कधी थांबून बघितलेलं नाही.

"हे आईचं," त्या म्हणतात. मला नाही, मुलालाही नाही. "छापलंय."

मुलगा वाकून बघतो. मोठ्याने वाचतो ते नाव, प्रत्येक अक्षर नीट उच्चारत, त्यातला ण सुद्धा. मावशी पदराने डोळे टिपत नाहीत की काही नाही. कागदावर टोनरचं बोट लागू नये म्हणून त्याचा हात तेवढा दूर करतात.

जागेवर बसल्यावर दोघं क्रमांक ताडून बघतात. केंद्र एकच. मावशींचा क्रमांक आधी, मध्ये तिघे जण, मग तो.

"म्हणजे एका बाकावर नाही का?"

"बोर्डाला एका बाकावर एकच असतो, मावशे."

मावशी गप्प होतात. मला वाटलं होतं त्यांना हे ठाऊक असेल. कसं असणार? रात्रशाळेत येण्याआधी त्यांनी शेवटची परीक्षा दिली ती सातवीची, आणि तेव्हाचे बाक लांब होते.

"आणि अडलं तर?"

तो डोकं खाजवतो. त्याच्याजवळ उत्तर नाही. "पेपर सुटल्यावर गेटापाशी थांबतो," एवढंच म्हणतो. "डबा आण."

घड्याळात साडेआठ. अजून पाऊण तास आहे. मावशी हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, ती पिशवी वहीत, वही पिशवीत. मग प्रश्नपत्रिका, कंपासपेटी आणि पेन्सिल उचलतात आणि उठतात. पुढचा बाक रिकामा आहे. त्याच्यावर जाऊन, मधोमध बसतात.

"काय झालं?" तो मागून विचारतो.

"बघते बसून."

तो उठू बघतो आणि पुन्हा खाली बसतो. स्वतःची उत्तरपत्रिका ओढून घेतो, पण लिहीत नाही. मान उंच करून त्यांच्या खांद्यावरून बघायचा प्रयत्न करतो आणि मग, मी बघते आहे हे लक्षात येऊन, डोळे खाली घालतो.

पुढच्या बाकावर पाचवा प्रश्न आहे. एक मनोरा, त्याची सावली, आणि शेजारी उभी केलेली काठी. मावशी तो दोनदा वाचतात. पट्टी घेतात, बाकावर उभी धरतात, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तिची फिकट सावली कुठवर पडते ते बघू लागतात.