जुनी गाडी, नव्या तारा

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल. माणसे रंग पाहतात, क्रोमची चमक पाहतात, आसनांवरून हात फिरवतात. जाणकार असतील ते बोनेट उघडायला लावतात आणि इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावतात. डॅशबोर्डखाली वाकून तारा पाहणारा मात्र शंभरात एखादा. पत्रा गंजला तर दिसतो, इंजिन थकले तर धुरातून सांगते. तारा आतल्या आत कुजतात, आणि त्याची पहिली खबर पुष्कळदा जळक्या वासानेच मिळते.

आमच्याकडे १९५५ सालची मॉरिस मायनर आहे. वडील सातारा जिल्ह्यात डॉक्टरकी करीत. त्यांनी ती १९६२ साली जुनी म्हणूनच विकत घेतली. ८०३ सी.सी.चे इंजिन, दोन तुकड्यांची पुढची काच, आणि वळताना खांबातून बाहेर येणारा इशाऱ्याचा हात. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली बाजारात आली. आपल्या अँबॅसिडरची ती धाकटी चुलत बहीण म्हणता येईल, कारण अँबॅसिडरही मॉरिस घराण्यातलीच, ऑक्सफर्डवरून घेतलेली. त्यामुळे अँबॅसिडरवर हात बसलेल्या वायरमनला मायनर परकी वाटत नाही. वडील गेल्यावर वीस वर्षे गाडी शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले, तेव्हा इंजिनापेक्षा जास्त विचार करावा लागला तो तारांचा.

त्या काळची तार पाहण्यासारखी असते. आत तांब्याचे बारीक पदर, त्यांवर रबर आणि त्यावर रंगीत सुताची वीण. रंग हीच तारेची ओळख. ल्यूकस कंपनीच्या पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून गेलेली, निळी हेडलाइटची, तांबडी बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थची. साठ-सत्तर वर्षे धूळ आणि तेल पिऊन हे सगळे रंग मातकट होतात. रबराचे दुखणे त्याहून वाईट. हवा आणि इंजिनाची उष्णता यांनी ते कडक होते, मग तडकते. तार हलवली नाही तोवर सगळे जागच्या जागी असते. कोणी ती वाकवली की रबराचा भुगा होतो आणि उघडे तांबे पत्र्याला टेकायला मोकळे होते. म्हणून जुन्या वायरिंगमध्ये ‘थोडेसेच काम’ करणे धोक्याचे. हात लावाल ती जागा सुधारते, शेजारची बिघडते.

मोटारीतली वीज समजणे बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला अवघड नाही. जितके नावे पडते, तितके जमेला आलेच पाहिजे. वीज दिव्यापर्यंत तारेने जाते आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. ही परतीची वाट दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. दिवा मंद झाला की लोक बल्ब बदलतात, बॅटरी बदलतात. दोष असतो अर्थच्या स्क्रूखाली साचलेल्या गंजात. बारा व्होल्टच्या संसारात एका व्होल्टची गळतीही मोठी. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले तर दिव्याचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. मायनरमध्ये बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. हे ठाऊक नसलेल्या कोणी आजच्या पद्धतीने रेडिओ जोडला, तर त्याची राख ठरलेली.

फ्यूज किती, तर अवघे दोन. एक हॉर्नसाठी, दुसरा वायपर, ब्रेकचा दिवा आणि इशाऱ्याचे हात यांच्यासाठी. हेडलाइट आणि इग्निशन यांना फ्यूजच नाही. तपकिरी तार पत्र्याला टेकली तर बॅटरीची सारी ताकद तिच्यातून धावते, अडवायला मध्ये कोणी नाही. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप त्याच बोनेटखाली. त्यातून जुन्या काचेच्या फ्यूजवरचा आकडा फसवा आहे. त्यावरचे ३५ हा फ्यूज उडण्याचा आकडा. सतत पेलायचा भार त्याच्या निम्मा, सतरा अँपिअरच्या आसपास. हल्लीच्या पात्यांच्या फ्यूजवर सतत पेलण्याचा आकडा छापतात. पस्तीसच्या जागी पस्तीस बसवणाऱ्याला वाटते, आपण बरोबर केले. प्रत्यक्षात फ्यूज शाबूत राहतो आणि तार जळते.

मग जुने जपावे की बदलावे? हौशी लोकांत एक पंथ असा आहे की, कारखान्यातून आली तशीच गाडी राहिली पाहिजे. एक स्क्रू बदलला तरी ती बाटली. कायदा इतका सोवळा नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. तारांचा उल्लेख नाही. तेव्हा तारांचा निर्णय मालकाच्या सद्सद्विवेकावर सोडलेला आहे असे समजायला हरकत नाही.

आमच्या मिस्त्रींनी तो निर्णय एका वाक्यात सोपा केला. ते म्हणाले, “साहेब, जे खोलता येतं ते दुरुस्त करू. जे खोलता येत नाही ते बदलू.”

या कसोटीवर जुन्या गाडीतले पुष्कळ काही टिकते. डायनमो खोलता येतो, त्याचे कार्बन बदलता येतात. कटआउटचे पॉइंट घासून साफ करता येतात. इशाऱ्याच्या हातात गुंडाळी असते. वीज मिळाली की ती आतला दांडा ओढते, हात वर उचलला जातो आणि त्यातला तीन वॅटचा दिवा लागतो. बिजागरीपाशी दिव्याची तार वाकून वाकून तुटते. तिथे नवी बारीक तार घातली, तेलाचा एक थेंब सोडला आणि दोन्ही हात पहिल्यासारखे उठू लागले. अर्थात आज तो हात कोणाला कळत नाही, म्हणून पुढे-मागे छोटे पिवळे दिवेही बसवले. तार मात्र खोलता येत नाही. तिच्यावर फक्त टेप मारता येतो, आणि टेप मारणे म्हणजे झाकणे.

जुना हार्नेस उतरवताना डाव्या पायाच्या डिपरपाशी मिस्त्री थांबले. निळ्या तारेला एक जोड होता. त्यावर गुंडाळलेली होती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, आता काळी पडलेली. कधीतरी रात्रीच्या व्हिजिटला जाताना दिवे गेले असावेत आणि वडिलांनी बॅगेतून जे हाताला लागले ते वापरले असावे. बाळंतपणे, विंचू, साप. त्या काळी रात्र म्हणून थांबता येत नसे. “वडलांच्या हातचं आहे. ठेवायचं का?” मिस्त्रींनी विचारले. मी क्षणभर तसाच बसून राहिलो. मग म्हटले, काढा. तो प्रथमोपचार होता. प्रथमोपचारालाच उपचार समजणारे नातेवाईक भेटले की वडील किती चिडत, ते मला आठवत होते.

इंग्लंडात आजही या गाड्यांचे हार्नेस तयार मिळतात. बाहेर जुनी सुती वीण, आत पीव्हीसीची तार. आम्ही इथेच बांधायचे ठरवले. जुना हार्नेस सतरंजीवर पसरून, त्याच्या मापाने, त्याच रंगांच्या तारा घेऊन मिस्त्रींनी चार दिवसांत नवा बांधला. हेडलाइटला स्वतंत्र फ्यूज आणि रिले दिला, त्यामुळे जुन्या स्विचवरचा भार हलका झाला. अर्थचे सगळे स्क्रू काढून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. बॅटरीच्या टोकाला फिरवून बंद करायची चकती बसवली. गाडी उभी केली की ती बंद. सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त वस्तू तीच, आणि सर्वांत शांत झोप तिनेच दिली.

एक काम मात्र मी स्वतःकडे घेतले. मूळ वायरिंगचा नकाशा मोठ्या कागदावर उतरवला आणि जिथे जिथे आम्ही बदल केला, तिथे तांबड्या शाईने तो लिहिला: काय होते, काय केले, कोणत्या तारखेला. खाली मिस्त्रींची सही घेतली, माझीही केली. वडिलांचा तो जोडही डिपरपाशी टिंब देऊन नोंदवला. लेजरमध्ये खोडणे गुन्हा नव्हता. खोडून सही न करणे हा गुन्हा होता. जुन्या वस्तूंच्या बाबतीत मला तोच नियम पुरेसा वाटतो. उद्या नातवंडांपैकी कोणी ही गाडी चालवायला घेईल, तेव्हा त्याला डॅशबोर्डखाली काय आहे ते आधी वाचता येईल.