चर्चमध्ये मुलांसाठी हॅलोवीन करावं का? एका प्रश्नाचे तीन प्रश्न कसे करायचे

मागच्या ऑक्टोबरमध्ये मेहकरहून मामेबहिणीचा फोन आला. ती तिथल्या एका छोट्या मंडळीत शब्बाथशाळा घेते. म्हणाली, "दादा, पोरं मागे लागलीत. इंग्लिश मीडियमवाल्यांच्या शाळेत हॅलोवीन झालं, रीलवर पाहिलं, आता म्हणतात आपल्या चर्चमध्येपण करा. निम्मे पालक म्हणतात करू द्या, निम्मे म्हणतात सैतानाचा सण देवाच्या घरात नको. पाळकसाहेब म्हणाले, तुझा भाऊ पीएचडी करतो ना, त्याला विचार."

मी रसायनशास्त्रातला माणूस. पण प्रश्न ऐकून वाटलं, पेट-नेटची तयारी करणाऱ्यांसाठी हे उत्तम उदाहरण आहे. कारण आपल्यापैकी बरेच जण गाईडकडे जातात ते असाच प्रश्न घेऊन. "मोबाईल वापरावा का?", "सेंद्रिय शेती करावी का?" अशा प्रश्नांवर वादविवाद स्पर्धा होते, संशोधन होत नाही.

"करावं का" हा मूल्याचा प्रश्न आहे. तो प्रयोगाने सुटत नाही. पण भांडताना दोन्ही बाजू जी कारणं देतात, त्यांत तपासता येण्यासारखे दावे लपलेले असतात. ते आधी बाजूला काढायचे. बहिणीला मी सांगितलं, बैठकीत कोण काय म्हणालं ते लिहून पाठव. तिच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून तीन दावे निघाले:

१. हा सण मुळात मूर्तिपूजकांचा आहे.
२. भुतांचे मुखवटे आणि सोंगं यांनी मुलं बिघडतात किंवा घाबरतात. (उलट बाजू: नुसती गंमत आहे, काही होत नाही.)
३. गावातले लोक काय म्हणतील?

पहिला दावा इतिहासाचा, दुसरा मानसशास्त्राचा, तिसरा आपल्या गावाचा. तिन्हींचा पुरावा वेगळ्या जातीचा लागतो.

दावा पहिला : मूळ कुठलं?

हॅलोवीन हे नावच चर्चच्या पंचांगातून आलंय. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. ३१ ऑक्टोबर ही संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. दुसरीकडे, आयर्लंडमध्ये हिवाळ्याच्या सुरुवातीला साउइन नावाचा जुना सण होता, हेही खरं. पण तिथे ख्रिस्तपूर्व धर्माचे नेमके कुठले विधी होत, याचा पुरावा फार तोकडा आहे. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या 'स्टेशन्स ऑफ द सन' या पुस्तकात हे नीट दाखवलंय. दारोदार जाऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणणं तर विसाव्या शतकातल्या उत्तर अमेरिकेतलं.

म्हणजे दावा अर्धवट टिकतो. पण समजा पूर्ण सिद्ध झाला, तरी "म्हणून करू नये" हे त्यातून निघतं का? नाही. उगमावरून आजची योग्यता ठरवणं ही तर्कातली जुनी चूक आहे. आपल्याकडचंच बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे वारकरी-हरिदासी परंपरेतले प्रकार मराठी चर्चमध्ये आणले. आज त्यांची गीतं उपासनेत म्हणताना कुणाला परकं वाटत नाही. त्याही आधी, इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी इंग्लंडमधल्या मिशनऱ्यांना कळवलं होतं की जुनी देवळं पाडू नका, मूर्ती काढून त्यांचीच चर्च करा.

अर्थात याचा अर्थ काहीही आत आणलं तर चालतं, असा नाही. टिळकांनी कीर्तनाचा साचा घेतला आणि आत काय सांगायचं ते स्वतः ठरवलं. तेव्हा पालकांसाठी खरा प्रश्न असा: हॅलोवीनमधून भुतं काढली तर साचा म्हणून काय उरतं, आणि ते आपल्याला हवंय का?

दावा दुसरा : मुलांवर काय परिणाम होतो?

इथे दोन अभ्यास वाचण्यासारखे आहेत.

पहिला १९७६ चा, एड डीनर आणि सहकाऱ्यांचा. सिॲटलमधली २७ घरं, हॅलोवीनची रात्र, १३०० हून जास्त मुलं. घरातली बाई सांगायची, "एकच चॉकलेट घ्या," आणि आत जायची. लपलेला निरीक्षक मोजायचा. काही मुलांना आधी नाव-पत्ता विचारला, काहींना नाही. नाव सांगितलेल्या एकट्या मुलांपैकी ७.५ टक्क्यांनी जास्तीचं उचललं. नाव न विचारलेल्या, गटाने आलेल्या मुलांत हे प्रमाण ५७ टक्के होतं.

हा अभ्यास पुष्कळ ठिकाणी "मुखवटा घातला की मुलं चोरी करतात" असा सांगितला जातो. थांबा. सोंगं तर दोन्हीकडच्या मुलांनी घेतली होती! बदललं होतं ते नाव विचारणं. शिवाय नाव कुणाला विचारायचं हे संशोधकांच्या हातात होतं, पण एकटं यायचं की गटाने, हे मुलांनीच ठरवलं होतं. म्हणजे गटाने येणारी मुलं मुळातच वेगळी असू शकतात. एकाच तक्त्यातले दोन आकडे, पण कारण म्हणून दोघांचं वजन सारखं नाही. पेपर वाचताना "यांनी काय बदललं आणि काय आपोआप बदललेलं घेतलं?" हा प्रश्न समासात लिहायची सवय लावा.

आता हा निकाल मेहकरला लागू होतो का? वीसेक कुटुंबांच्या मंडळीत प्रत्येक पोराचं नाव, आजीचं नाव, मागच्या परीक्षेचे मार्क सगळ्यांना पाठ असतात. ही सिॲटलच्या उलटी परिस्थिती आहे. तेव्हा ५७ टक्क्यांची भीती इथे दाखवणं चुकीचं.

दुसरा अभ्यास २००४ चा, जॅकलीन वूली आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी बालवाडीतल्या मुलांना एक नवीच 'कँडी विच' सांगितली. ही चेटकीण हॅलोवीनच्या रात्री येते, गोळ्या-चॉकलेटं नेते आणि बदल्यात खेळणं ठेवते. काही घरांत पालकांनी खरोखर खेळणं ठेवलं. पुष्कळ मुलांनी तिच्यावर विश्वास ठेवला. त्यांतल्या मोठ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी ती 'येऊन गेली', त्यांचा विश्वास जास्त होता. म्हणजे लहान मूल अगदीच भोळं नसतं, ते पुरावा पाहतं. पण पुरावा तयार करणारे आपणच असतो.

हा निकाल मला बहिणीच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा वाटतो. शब्बाथशाळेची ताई देवदूत, सैतान, पुनरुत्थान हे सगळं खरं म्हणून शिकवते. त्याच खोलीत, त्याच ताईने हाडांचा सापळा लटकवून "ही गंमत" म्हटलं, तर पाच वर्षांच्या मुलाने कुठलं खरं धरायचं? हा माझा अंदाज आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नाही. हा फरकही लिहिताना स्पष्ट ठेवायचा.

दावा तिसरा : गाव

बुलडाणा-अकोल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई असते. मुली घरोघर जातात, गाणी म्हणतात, झाकलेली खिरापत ओळखतात आणि खातात. गोवा आणि वांद्र्याकडे ख्रिस्ती पोरं ३१ डिसेंबरला जाळायला 'ओल्ड मॅन' बनवतात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागतात. तेव्हा दारात जाऊन खाऊ मागणं, सोंग काढणं हे काही अमेरिकेतून यायला नको.

भुताचं मात्र तसं नाही. सिॲटलमध्ये भूत म्हणजे दुकानात मिळणारा पोशाख. आपल्याकडे करणी-भानामतीच्या संशयावरून माणसांना मारहाण होते. २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षी डॉ. दाभोलकरांचा खून झाला. अशा ठिकाणी एका छोट्या अल्पसंख्य मंडळीच्या आवारात रात्री कवट्या आणि मेणबत्त्या दिसल्या, आणि कुणी भिंतीवरून व्हिडिओ काढला, तर त्याखाली काय मथळा येईल याचा विचार आयोजकांनी करायलाच हवा. सोमवारी तीच पोरं शाळेत जाणार असतात.

मग मी काय सांगितलं?

सोंगं ठेवा, खाऊ ठेवा, भुतं सोडा. वेळ रात्रीची नको, दिवसाची ठेवा. फाटक उघडं आणि शेजारच्या पोरांनाही बोलावणं. तारीख कापणीच्या सणाची घ्या, कारण त्या दिवशी भाज्या-कोंबड्यांचा लिलाव आणि गर्दी असतेच. आणि ३१ ऑक्टोबरच हवा असेल, तर तो प्रोटेस्टंट मंडळीला तसाही आपला दिवस आहे: १५१७ मध्ये याच तारखेला ल्यूथरचे ९५ सिद्धांत पुढे आले.

हे उत्तर विज्ञानातून 'सिद्ध' झालेलं नाही. पुराव्याने फक्त काही कारणं बाद केली आणि काहींचं वजन वाढवलं. शेवटचा निर्णय मंडळीने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यायचा, आणि त्यांनी तो घेतला. कापणीच्या सणाला नोहा आला, दोन मेंढपाळ आले, एक नर्स आली, आणि एक पोरगं डायनासोर होऊन आलं. त्याला कुणी परत पाठवलं नाही.

बहिणीने नंतर विचारलं, "मुलांना प्रश्न विचारून फॉर्म भरून घेऊ का? तुझा पेपर होईल." मी नको म्हटलं. पंधरा मुलांच्या नोंदीतून परिणाम ठरत नाही. आणि मुलांवर संशोधन करायचं तर आधी नैतिकता समितीची मान्यता, पालकांची संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलांचा स्वतःचा होकारही लागतो. डीनरचा प्रयोग आज तसाच करायला कुणी परवानगी देणार नाही.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या घरात किंवा गावात सध्या चालू असलेला एक "करावं का" वाद घ्या. त्यातले दावे वेगळे लिहा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ लिहा: हे खोटं ठरायला मला काय दिसावं लागेल? ज्याच्यापुढे ती ओळ लिहिता येईल, तोच दावा घेऊन गाईडकडे जा.